थापीचा हात

भादव्यात चूल पेटली आणि पहिल्याच आठवड्यात सुगियाच्या ठोकळ्यावर ठुर्री निघाली. एखाददुसरी नव्हे, चांगली ओंजळभर.

मखाण्याच्या धंद्यात यापरता अपमान नाही. तळ्याच्या गाळातून काढलेली काळी गुरी, म्हणजे मखाण्याचं बी, कढईत भाजायची, टोपल्यात झाकून मुरवायची, पुन्हा भाजायची, आणि दुसऱ्यांदा कढईतून निघाली की बोटं पोळत असतानाच ठोकळ्यावर टाकून वर थापी हाणायची. घाव वेळेवर आणि वजनानं बसला तर कवच फुटून आतला दाणा पांढराशुभ्र टरारतो. घाव मऊ पडला तर दाणा नुसता तडकतो, अर्धाच फुगतो आणि दाताखाली खड्यासारखा लागतो. ती ठुर्री. तिला बाजारात कुत्रं विचारत नाही.

सुगियानं ती ओंजळ हळूच गोणपाटाखाली सारली. पण शेजारच्या चुलीवरच्या जलेसरला जे दिसू नये तेच आधी दिसायचं. वहिनीला तो भौजी म्हणे.

"भौजी, थापी उपाशी आहे का आज?"

"तुझ्या घरचं जेवण बघून तिची भूक मेली," सुगिया म्हणाली. जलेसरची बायको हसली, कढईवर बसलेला सुगियाचा नवरा बिंदेसरही हसला, आणि विषय तिथंच मिटला. सुगिया मात्र हसली नव्हती. घाव घालताना तिच्या उजव्या खांद्यातून काहीतरी सुटलं होतं, विहिरीत बादलीचा दोर सुटावा तसं.

पूर्णियाच्या सडकेला लागून बांबूच्या ताट्यांची ती लांबलचक शेड होती. दरभंग्याकडचे मल्लाह, तिकडचे कोळी, हंगामाला बायकापोरांसकट तिथं येत, आपापल्या चुलीमागंच झोपत आणि माघ सरला की परत जात. एका कुटुंबाला एक चूल. चूल मिळायची ती थापीवाल्याचा हात बघून. हात ढिला पडला की चूल दुसऱ्याची. सगळ्या चुलींवर थापी पुरुषाकडं आणि कढई बाईकडं. सुगियाच्या चुलीवर तेवढं उलटं होतं. बिंदेसर कढई हलवायचा, ती हाणायची आणि त्यांची लेक गुंजा चाळण धरायची. बिंदेसर तरुणपणी तळ्यात बुड्या मारून गुरी काढायचा. थापी त्याला कधी साधलीच नाही, घाव नेहमी अर्ध्या श्वासानं उशिरा पडायचा. शेडमधली टवाळ पोरं त्याला 'कढईकाकी' म्हणत. तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. रोजचं असं गिळलेलं पोटात कुठंतरी साठतं, हे सुगियाला कळायचं, पण त्यावरचं औषध तिच्याजवळ नव्हतं.

सुगिया दोन वर्षांची असताना, कोसीला पूर आला त्या साली, तिला ताप भरला होता. ताप उतरला तेव्हा डावा पाय आणि उजवा हात चिंधीसारखे लोंबत होते. पोलिओ हा शब्द गावात नंतर आला. आधी झाडफूक करणारा ओझा झाला, वैद्य झाला, सुईवाला डॉक्टर झाला. मग तिच्या मायनं सगळ्यांना रामराम ठोकला आणि स्वतःच कंबर कसली. नदीकाठच्या तापलेल्या वाळूत खड्डा करून ती पोरीला कमरेपर्यंत पुरायची, मोहरीच्या तेलानं अंग रगडायची, हाताला पाण्याचा लोटा बांधून 'उचल' म्हणायची. पोरगी रडली तर लोट्यात आणखी पाणी ओतायची.

"अंग म्हणजे मखाण्याचं तळं," माय म्हणायची. "उपसत राहिलं तर पिकतं. सोडलं तर शेवाळतं."

पाय काही आला नाही. तो बांबूच्या काठीएवढाच राहिला आणि सुगिया आयुष्यभर मांडीवर हात दाबून, कमरेतून झोका घेत चालली. हात मात्र आला. बापानं त्या हातात लहानशी थापी दिली आणि मग तो असा आला की पुरुषांनी तोंडात बोटं घालावीत. सासरा मुलगी बघायला आला तेव्हा त्यानं ना तोंड पाहिलं ना पाय. एक टोपली फोडून दाखव, एवढंच म्हणाला. तिनं दाखवली. एकही दाणा ठुर्री निघाला नाही. ज्या बायका तिला लंगडी म्हणत त्याच त्या दिवसापासून थापीवाली म्हणू लागल्या. तो हात म्हणजे तिचं रूप होतं, हुंडा होता, आणि चार माणसांत मान वर करून बसायची जागा होती.

आता तोच हात दगा देत होता. आश्विनात तर संध्याकाळी दंडाचं मांस कातडीखाली आपोआप फुरफुरायला लागलं. वेणी घालायला हात वर नेला की डोक्यापर्यंत पोचायच्या आतच तो थकून खाली यायचा. मग ती गुंजाला म्हणायची, तूच घाल ग, माझी बोटं तेलकट आहेत. ज्या उजव्या पायावर आयुष्यभर सगळा भार घातला तोही लटपटू लागला. एकदा नळावर ती घागरीसकट बसकण मारून पडली. बायकांनी उचललं. कुणीतरी म्हणालं, चांगला पाय आहे तो तरी सांभाळ. सुगियाला ते शब्द दिवसभर पुरले.

शेडच्या मालकाचा मुन्शी गोण्या तपासायला आला तेव्हा त्यानं हात घालून नेमकी ठुर्रीच वर काढली. सुगिया समोर बसली होती, पण तो बोलला बिंदेसरशी.

"बाईच्या हातावर चूल दिली, चूक माझीच. दिवाळीपर्यंत असंच निघालं तर जलेसरचा भाऊ गावाकडं रिकामाच बसलाय."

बिंदेसर कढईत बघत राहिला. जलेसर घसा खाकरून गुरी चाळू लागला. आपला भाऊ येणार म्हणून त्याला बरं वाटलं की वाईट, ते त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

त्याच सुमाराला रिक्षावरचा भोंगा सडकेनं ओरडत गेला. कसब्याच्या शाळेत शिबिर होतं, पोलिओवाल्यांना पायात घालायच्या लोखंडी पट्ट्या फुकट मिळणार होत्या. सुगियाला पट्टीचं कौतुक नव्हतं. लहानपणी एक मिळाली होती ती बापानं चिखलात चालत नाही म्हणून माळ्यावर टाकली होती. पण तिथं डॉक्टर असेल, हाताचं विचारता येईल, म्हणून ती निघाली. गुंजाला चुलीवर बसवून नवराबायको गेले.

वर्गात बाकं भिंतीला सारून खाट मांडली होती. डॉक्टरीणबाई पाटण्याची, वयानं लहान, पण हात लावायची पद्धत मायाळू होती. तिनं सुगियाला हात वर करायला लावला, वरून दाबला, बोटं आवळायला सांगितली. हा हात पण तेव्हा गेला होता का, असं विचारलं. सुगिया खुलली. मायनं वाळूत कसं पुरलं, लोटा कसा बांधला, सगळं रंगवून सांगितलं. एवढी मेहनत ऐकून ही बाई शाबासकी देईल असं तिला वाटत होतं. डॉक्टरीणबाईनं मात्र पुन्हा तिचा खांदा चाचपला.

"मावशी, दिवसाचं किती वेळ हाणता?"

"ऊन आहे तोवर. कधी कंदिलातही."

तेवढ्यात पट्टीचं माप घेणारा आला. सुगियाला पडद्याआड खाटेवर निजवलं आणि तो तिच्या वाळक्या पायाची रेघ कागदावर ओढू लागला. डॉक्टरीणबाई बिंदेसरला घेऊन पडद्याबाहेर गेली. बोलणं ऐकू येत नव्हतं. वर्गात दहा पोरं रडत होती. पडद्याखालून सुगियाला नवऱ्याची पावलं तेवढी दिसत होती. एक पाऊल दुसऱ्यावर घासत तो बराच वेळ उभा होता.

परतताना टमटममध्ये तिनं विचारलं, "काय म्हणाली?"

बिंदेसर रस्त्याकडं बघत होता. एक बैलगाडी गेली, ती पार मागं पडली.

"चालू ठेवा म्हणाली. हात चालता राहिला पाहिजे."

"बघा," सुगिया म्हणाली. "माय काय वेगळं सांगायची?"

तिच्या छातीवरचा धोंडाच उतरला. रोग आपला नाही, आळस आहे. आणि आळसाला कसं ठोकायचं हे तिच्या घराण्याला शिकवावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून चूल पेटायच्या आधी ती ठोकळ्यासमोर बसू लागली. रिकाम्या ठोकळ्यावर थापी हाणायची, खांदा आगीसारखा जळला की दात आवळून आणखी हाणायची. मग तिच्या मनानं घेतलं की थापीच हलकी आहे. सवयीच्या वजनाला हात सुस्तावतो. लोट्यात पाणी वाढवायची तशी माय आता काय करती? तिनं बिंदेसरला जड थापी करून मागितली.

"राहू दे," तो म्हणाला. "आहे ती बरी आहे."

तिनं पुन्हा मागितली. तो पुन्हा राहू दे म्हणाला. तिसऱ्यांदा मागितली तेव्हा जलेसर आणि आणखी दोघं तिघं जवळच विडी ओढत बसले होते.

"कढई ढवळता ढवळता लाकूड तासायचंही विसरलात का?"

सगळे हसले. शब्द तोंडातून गेला आणि सुगियाला वाटलं, हे जरा जास्तच झालं. बिंदेसर उठून गेला. संध्याकाळी शिसवीचा ओंडका घेऊन आला आणि कोयत्यानं, मग काचेच्या तुकड्यानं, खाली मान घालून तासत राहिला. थापी सुरेख झाली. मूठ तिच्या बोटांच्या मापाची होती. ती त्यानं तिच्या पुढ्यात ठेवली आणि हात धुवायला गेला.

आणि त्याच आठवड्यात एक नवलच घडलं. रात्रीची भाकरी व्हायच्या आधी बिंदेसर पळीत मोहरीचं तेल आणि लसणाच्या पाकळ्या घेऊन चुलीशी बसला. तेल कडकडलं तसं उतरवून तिच्याजवळ आला आणि न बोलता तिचा उजवा हात आपल्या मांडीवर घेऊन चोळू लागला. खांद्यापासून मनगटापर्यंत, सावकाश. लग्नाला एवढी वर्षं झाली, गुंजा पाठीवरून उतरून लग्नाला आली, पण या माणसानं कधी तिच्या अंगाला तेल लावलं नव्हतं. लंगड्या पायाला तर तो अंधारातही चुकवायचा.

"बघा ग बघा," जलेसरची बायको म्हणाली, "भौजीचं आता लग्न लागलं."

सुगिया लाजली. तिला आनंद झाला होता, आणि तो लपवायला तिनं तेल फार गरम आहे म्हणून त्याच्यावरच खेकसून घेतलं. रोज संध्याकाळी तो तेल घेऊन येऊ लागला. दिवसभर हात जळायचा तो तेवढ्यापुरता निवायचा. वयानं माणूस मऊ होतो, असं तिनं गुंजाला एकदा सांगितलंही. गुंजानं बापाकडं पाहिलं.

दिवाळी गेली, छठ गेली. चूल टिकली. जड थापीनं घाव खरंच नीट बसत होते; मुन्शीनं गोणीत हात घातला तर पांढरा फुललेला दाणाच वर येत होता. पण पौषाची थंडी उतरली आणि सुगियाचं अंग एकदम खचलं. वाळका पाय गुडघ्याखाली निळा पडायचा, दगडासारखा गार. जेवायचा घास उचलताना हात वाटेत थांबायचा. मग ती मान खाली नेऊन घासाशी तोंड नेई. दुपारी कढई नुसती पुढं आली तरी तिला रडू फुटेल असं वाटायचं. तरी पहाटेची थापी तिनं सोडली नाही. हात जितका खाली यायचा तितकी ती जास्त हाणायची. डॉक्टरनं सांगितलं होतं ना.

मग एका सकाळी बिंदेसरनं कढईतून गुरी काढली, सुगियानं डाव्या बोटांनी ती ठोकळ्यावर लोटली, आणि उजवा हात उठला नाही. तिनं सगळा जीव खांद्यात आणला. थापी जमिनीवरून बोटभर सरकली. गुरी तिच्या डोळ्यांदेखत निवली, काळी की काळी. शेडभर ठकाठक चालू होती, त्यात या एका चुलीचा खंड पडलेला सगळ्यांना ऐकू गेला आणि माना वळल्या. गुंजा चाळण टाकून आली, आईच्या मुठीतून थापी सोडवून घेतली आणि तिच्या जागी बसली. पोरीला काम येत होतं, घाव कच्चा होता, पण वेळ साधत होता. जलेसर त्या दिवशी एक शब्द बोलला नाही. सुगियाला तेच सगळ्यांत जास्त लागलं.

हंगाम सरत आला होता, म्हणून मुन्शीनं कुरकुर करून पोरीला बसू दिलं. सुगिया डाव्या हातानं चाळण धरू लागली. उजवा हात मांडीवर पडून असायचा. संध्याकाळचं तेल चालूच होतं.

माघात पट्ट्या वाटायचं शिबिर लागलं. तीच शाळा, तीच डॉक्टरीणबाई. चकचकीत लोखंडी पट्टी, चामड्याचे पट्टे, खाली बूट. सुगियाच्या पायात ती घालून तिला उभं केलं तेव्हा मांडीवर हात न दाबता ती उभी राहिली, आयुष्यात पहिल्यांदा. कुबडी द्यायला म्हणून डॉक्टरीणबाईनं तिचा उजवा हात धरला, सोडला, आणि तो धप्पकन खाली पडला.

"हे काय? मावशी, थापी सोडली नाहीत?"

"नाही ना," सुगिया म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तसं चालू ठेवलं. उलट जड केली. पहाटेचीही हाणायचे. तरीपण बघा, असं झालं."

डॉक्टरीणबाईनं तिला बाकावर बसवलं आणि स्वतः समोर उकिडवी बसली.

"मावशी, लहानपणी हा हात अर्धा गेलाच होता. उरलेल्या अर्ध्यानं इतकी वर्षं सगळं काम ओढलं. तो दमला होता. अशा हाताला विश्रांती लागते. थोडं करायचं, थांबायचं. दमलेल्याला मारून काम करवलं की उरलंसुरलंही जातं. हे मी तेव्हाच तुमच्या यजमानांना सांगितलं होतं. थापी बंद करा म्हणाले होते."

सुगियाला पहिल्यांदा वाटलं, बाई दुसऱ्या कुणाबद्दल बोलते आहे. तिनं दाराकडं पाहिलं. बिंदेसर तिथं तिची जुनी चप्पल हातात घेऊन उभा होता आणि चपलेकडं बघत होता.

"आता?" तिनं विचारलं.

"आता जपायचं. गरम ठेवा, झोळीत बांधा, ओझं नको. आहे तेवढं राहील. गेलं ते येणार नाही."

सुगियानं मान हलवली. डॉक्टरीणबाईनं फडक्याची झोळी करून हात गळ्यात बांधून दिला. येताना टमटममध्ये दोघांच्या मध्ये कुबडी होती.

शेडमध्ये पोचले तेव्हा दिवस कलला होता. गुंजा ठोकळ्यावर होती. आईच्या पायातली पट्टी बघून ती हसली, आणि लगेच खांदा चोळत म्हणाली, "दुखतोय माय, पण मी थांबले नाही." मायचं ते तळ्याचं वाक्य सुगियाच्या ओठांवर आलं आणि तिथंच अडकलं. तिनं पोरीला थापी ठेवून पाण्याला पिटाळलं.

मग ती नवऱ्याला म्हणाली, "गुंजाचे बाबू, बसा."

तो बसला.

"का नाही सांगितलंत?"

"चूल गेली असती," तो म्हणाला. "मुन्शी आदल्या दिवशीच बोलला होता. भर हंगामात गाठोडं बांधून गावाला कुठल्या तोंडानं जायचं? मला हाणता येत नाही. तुला ठाऊक आहे. सगळ्या शेडला ठाऊक आहे."

"मी थांबले असते असं वाटलं तुम्हाला?"

त्यानं चुलीतली राख काटकीनं ओढली.

"नसते थांबले," सुगिया म्हणाली. "चूल मलाही कळते. पण जड थापी नसती मागितली. पहाटेची नसती हाणली. हलकी घेतली असती, मध्ये मध्ये बसले असते, गुंजाला आधीच शिकवलं असतं. पुरवून पुरवून वापरला असता. हात माझा होता. जायचाच होता तर मला सांगून जायला हवा होता."

"थापी तूच मागितलीस," बिंदेसर म्हणाला. "चार माणसांत बोललीस."

"बोलले," ती म्हणाली. "आणि तुम्ही करून दिलीत. मुठीचं माप घेऊन."

जलेसरच्या चुलीवरची ठकठक थांबली होती. ते ऐकत होते की त्यांचं काम संपलं होतं, कोण जाणे. सुगियाला त्याची आता लाज वाटली नाही. एवढ्या वर्षांत या माणसाचा तिला राग आला होता, कीव आली होती. आज पहिल्यांदा किळस आली, आणि तिचं तिलाच भय वाटलं.

बिंदेसर म्हणाला, "मी रोज तेल तर लावत होतो."

गुंजा पाणी घेऊन आली. दोघांकडं बघून तिनं घागर हळूच टेकवली आणि भाकरीचं पीठ घेऊन बसली. बिंदेसर उठला. सवयीनं उठला की ठरवून, त्यालाही सांगता आलं नसतं. पळीत तेल ओतलं, लसूण ठेचून टाकला, चुलीशी धरलं. वास शेडभर पसरला. मग पळी घेऊन तो तिच्याजवळ येऊन बसला, झोळीची गाठ सोडली आणि तिचा उजवा हात नेहमीसारखा आपल्या मांडीवर घेतला.

सुगियाला तो झटकून मागं घ्यायचा होता. खांद्यातून हाक गेली, पण हात जागचा हलला नाही. नवऱ्याच्या मांडीवर तसाच पडून राहिला, तळवा वर करून.

तेव्हा तिनं डावा हात पुढं केला, उजव्याचं मनगट धरलं, आणि गुरीची टोपली ओढावी तसा तो ओढून आपल्या मांडीवर आणून ठेवला.

बिंदेसर पळी धरून बसून राहिला. तेल निवलं तेव्हा गुंजानं ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि भाकरी थापायला बसली.